संगणक बंद केला तरी मेल जाते

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात परवा संध्याकाळी साडेसहाला सगळे उठले, पण एक संगणक चालूच. स्क्रीनवर चिठ्ठी: 'बंद करू नये, सकाळी ८ ची मेल आहे.' रात्री लाईट गेली, यूपीएस ओरडून ओरडून गप्प झाला. पुण्याच्या गिऱ्हाइकाला कोटेशन मात्र ठरल्या वेळी पोचलं होतं.

'मशीन बंद केली की शेड्यूल केलेली मेल अडकते' ही समजूत बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या किती ऑफिसांत मी ऐकली आहे! जीमेलपुरती ती चूक आहे. २०१९ पासून जीमेलमध्ये मेल आधी लिहून जायची वेळ ठरवून ठेवायची (शेड्यूल करायची) सोय आहे. वेळ ठरवलीत की मेल गूगलच्या सर्व्हरवर राहते आणि तिथूनच सुटते. संगणक, वायफाय, मोबाईल सगळं बंद असलं तरी. फक्त वेळ ठरवताना नेट हवं आणि जोडलेली फाईल पूर्ण चढलेली हवी. एका वेळी अशा १०० मेल ठेवता येतात. रद्द केलेली मेल मसुद्यांत परत येते.

मग समजूत आली कुठून? संगणकावर चालणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या मेल-प्रोग्रॅममधून, म्हणजे डेस्कटॉप आऊटलुकमधून. त्यात पॉप किंवा आयमॅप (सर्व्हरवरची मेल मशीनवर आणायच्या दोन पद्धती) खातं असेल, तर लांबणीवर टाकलेली मेल तुमच्याच मशीनच्या आऊटबॉक्समध्ये थांबते आणि आऊटलुक उघडं असेल तरच जाते. तेव्हाचे लोक खोटं सांगत नव्हते. तुमच्याकडे अजून तेच असेल, तर चिठ्ठी राहू द्या. जीमेल असेल, तर बटण बंद करून निर्धास्त घरी जा.