जुन्या मोटारगाडीतील मंद हीटर

हीटर पूर्ण चालू करूनही गाडीत कोमट हवाच येत असेल, तर दोष बहुतेक वेळा हीटरच्या बाहेर असतो. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या गाडीत हीटर स्वतः उष्णता निर्माण करत नाही. एरवी रेडिएटरमधून वाया जाणाऱ्या उष्णतेतला थोडा वाटा तो आत घेतो, इतकेच. त्यामुळे हीटरची तक्रार ही इंजिनाच्या शीतन यंत्रणेची तक्रार समजून तपासणी सुरू करावी.

इंजिनात तापलेले कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) दोन रबरी होजमधून (नळ्यांतून) डॅशबोर्डमागच्या हीटर कोरमध्ये जाऊन परत येते. कोर म्हणजे लहानसा रेडिएटरच. ब्लोअर म्हणजे हीटरचा पंखा त्याच्यातून हवा ढकलतो. बाहेरची ताजी हवा गाळून अशा कोरवरून आत सोडण्याची यंत्रणा अमेरिकेतील नॅश कंपनीने 1938 मध्ये आणली आणि तत्त्व आजही तेच आहे. जुन्या गाड्यांत उष्णतेचे प्रमाण केबलने उघडणारा पाण्याचा व्हॉल्व्ह किंवा हवेची वाट बदलणारी झडप ठरवते.

महाराष्ट्रातल्या जुन्या गाडीत पहिला संशय थर्मोस्टॅटवर घ्यावा. हा व्हॉल्व्ह साधारण 82 ते 88 अंश सेल्सिअसला उघडतो आणि तोपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ‘आपल्याकडे उन्हाळा कडक, गाडी गरम होते’ म्हणून तो काढूनच टाकण्याची सवय अनेक गॅरेजांत रुजली आहे. ही सवय चुकीची आहे. थर्मोस्टॅट नसलेले किंवा तो उघडाच अडकलेले इंजिन पुरेसे तापत नाही, इंधन जास्त खाते आणि लवकर झिजते. मैदानी भागात वर्षानुवर्षे हे कोणाच्या लक्षात येत नाही; तीच गाडी डिसेंबरात मनालीला गेली की हीटरमधून गार वारा येतो. खूण सोपी आहे: थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरचा वरचा होज लगेच कोमट होऊ लागतो आणि मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा खाली येतो.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे कमी झालेले कूलंट. अनेक गाड्यांत कोर उंचावर असल्याने हवा तिथे अडकते. मग डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू येते, रेस वाढवली की हीटर गरम होतो आणि गाडी उभी राहिली की गार पडतो. कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाची पाती गंजून झिजली असली तरी असेच घडते. हवा काढण्यासाठी इंजिन थंड असताना झाकण उघडून, गाडीचे तोंड चढाकडे ठेवून, हीटर पूर्ण चालू करून इंजिन चालवतात आणि पातळी खाली जाईल तसे कूलंट भरतात. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालचे कूलंट उसळून अंग भाजते. बाहेर गळती न दिसता पातळी वारंवार उतरत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे सिलिंडर हेड यांच्यामधला सील) तपासून घ्यावे.

कोरच्या दोन्ही होजना हात लावून पाहणे ही सर्वांत उपयोगी तपासणी. इंजिन पूर्ण तापल्यावर, पंखा-पट्ट्यापासून हात दूर ठेवून ती करावी. दोन्ही होज चांगले गरम असतील तर कूलंटची बाजू ठीक आहे, दोष हवेच्या बाजूला आहे: झडपेची केबल निसटलेली, तिच्या कडेचा फोम झडलेला किंवा फिल्टर कचऱ्याने भरलेला. एक गरम आणि एक गार असेल तर व्हॉल्व्ह उघडत नाही किंवा कोर तुंबला आहे. दोन्ही कोमट असतील तर पुन्हा थर्मोस्टॅट, कूलंटची पातळी आणि पंप पाहावा.

कोर तुंबण्याची कारणे आपल्या ओळखीची आहेत. कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरल्याने क्षार साचतात आणि गंज सुटतो. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची युक्ती वाटेत गाडी घरी आणते खरी, पण तोच गाळ कोरच्या अरुंद नळ्यांत जाऊन बसतो. उपाय म्हणून दोन्ही होज सोडून कमी दाबाने उलट दिशेने स्वच्छ पाणी सोडतात. जास्त दाबाने जुना कोर फुटतो. त्यानंतर इथिलिन ग्लायकॉलचे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात भरावे. हे मिश्रण सुमारे उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही.

सेकंडहँड गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी. कोर गळू लागल्यावर तो बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून काही जण दोन्ही होज एकमेकांना जोडून कोर वगळून टाकतात. अशा गाडीत हीटर मंद नसतो. तो जोडलेलाच नसतो. गळत्या कोरची लक्षणे म्हणजे गोडसर वास, काचेवर तेलकट वाफ आणि पायाखालचे ओले मॅटिंग. इथिलिन ग्लायकॉल विषारी आहे, त्यामुळे सांडलेले कूलंट मुले आणि प्राणी यांच्यापासून दूर ठेवून लगेच पुसावे.

फोक्सवॅगन बीटलसारख्या हवेने थंड होणाऱ्या गाड्यांना यातले काही लागू नाही. तिथे एक्झॉस्टभोवतीच्या उष्णता-विनिमयकातून तापलेली हवा आत येते आणि वाटेतल्या नळ्या गंजल्या की ऊब वाटेतच गळते. विनिमयकालाच छिद्र पडले तर एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्याला वास नसतो. डोके दुखू किंवा गरगरू लागले तर काचा उघडाव्यात, गाडी थांबवून बाहेर पडावे आणि दुरुस्ती होईपर्यंत तो हीटर वापरू नये.