दगडी: दूध आटतं कुठे, हे कळायला लागलेली वर्षं

कासदाहाला आपल्याकडे गोठ्यात 'दगडी' म्हणतात, कारण कास दगडासारखी टणक होते. सड गरम लागतो, गाय हात लावू देत नाही, धारेत गाठी येतात. तेव्हा डॉक्टरांना फोन जातो. दूध मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून कमी झालेलं असतं.

या आजारामागचा एक मुख्य जंतू फ्रान्समध्ये नोकार आणि मोलेरो यांनी १८८७ साली दाखवून दिला. पुढे त्याला स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्टिए हे नाव मिळालं. अ‍ॅगॅलॅक्टिया म्हणजे दूध नसणं. जंतू सडाच्या छिद्रातून वर चढतो आणि दूध तयार करणाऱ्या पेशीच निकामी करतो. त्यांच्या जागी चट्टा धरला की तेवढा भाग पुन्हा पान्हवत नाही. दुधातली साखर घटते, मीठ वाढतं, म्हणून अशा दुधाला खारट चव येते. एसएनएफही, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, खाली जातो. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर भाव ठरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला त्यामुळे दुहेरी फटका बसतो: लिटरही कमी, दरही कमी.

१९४०च्या दशकात पेनिसिलिन आलं आणि आता दगडी संपली असं वाटलं. पण स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा दुसरा जंतू कासेच्या आत दबा धरून बसतो, औषध तिथवर पुरेसं पोचत नाही. शिवाय वरून निरोगी दिसणाऱ्या गाईंचं काय?

त्याचं उत्तर १९५७ साली कॅलिफोर्नियात शाल्म आणि नूरलँडर यांनी दिलं, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत उपयोगी गोष्ट तीच. चार वाट्यांचं एक पसरट भांडं. प्रत्येक सडाची थोडी धार वेगळ्या वाटीत घ्यायची, तेवढंच साबणासारखं द्रावण घालायचं आणि भांडं गोल फिरवायचं. आजारी सडाचं दूध जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींनी भरलेलं असतं. द्रावणाने त्या फुटतात, आतला डीएनए मोकळा होतो आणि दूध शेंबडासारखं घट्ट होतं. तीन वाट्या पातळ, चौथी चिकट! वरून न दिसणारा सुप्त कासदाह असा गोठ्यात उभ्या उभ्या डोळ्यांना दिसला.

१९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या दुग्धसंशोधन संस्थेने पुढचा टप्पा गाठला. धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवायचे आणि गाय आटवताना, म्हणजे विण्याआधी तिची धार बंद करताना, चारही सडांत प्रतिजैविकाची ट्यूब सोडायची. सरसकट ट्यूब सोडण्याची ही पद्धत अनेक देशांत अर्धं शतक चालली. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या भीतीने युरोपीय संघाने २८ जानेवारी २०२२पासून तिला बंदी घातली. आता ट्यूब नेमकी कोणत्या गाईला द्यायची हे आधी तपासावं लागतं, आणि त्यासाठी ते चार वाट्यांचं भांडं पुन्हा हातात घेतलं जातं.