बोट्युलिनम विष-उपचार, बालकांच्या पचनमार्गातील

पचनमार्गाची आवळून बसलेली झडप काही महिने सैल राहावी म्हणून तिच्या स्नायूत बोट्युलिनम विषाची अत्यल्प मात्रा टोचण्याचा उपचार. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूच्या विषाचा ए-प्रकार चेतातंतूच्या टोकातील स्नॅप-25 हे प्रथिन तोडतो. मग अ‍ॅसिटिलकोलिन बाहेर पडत नाही आणि स्नायूला आकुंचनाचा निरोप पोहोचत नाही. तंतू पुन्हा सावरले की असर ओसरतो. बहुधा 3 ते 6 महिन्यांत.

प्रौढांच्या अ‍ॅकॅलेशियात, म्हणजे अन्ननलिकेची खालची झडप न उघडण्याच्या विकारात, पंकज पसरिचा व सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात हा उपाय मांडला. मुलांच्या अ‍ॅकॅलेशियात मात्र तो तात्पुरता आधार ठरतो. वारंवार टोचल्याने तिथे वण धरतात आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. जठर रिकामे होण्यास फार वेळ लागत असेल तर एन्डोस्कोपीतून जठराच्या निर्गमद्वारात औषध टोचतात.

बालकांत याचा खरा उपयोग गुदद्वाराच्या आतल्या झडपेसाठी होतो. ही झडप जन्मतःच सैल होत नसेल, किंवा हिर्शस्प्रुंग रोगाची (आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशींचे गुच्छ जन्मतःच नसण्याच्या विकाराची) शस्त्रक्रिया होऊनही पोट फुगणे आणि शी अडणे चालूच असेल, तर इंजेक्शनाचा विचार होतो. त्याआधी आतडे जोडल्या जागी अरुंद झाले आहे का आणि चेतागुच्छ नसलेला भाग मागे राहिला आहे का, हे तपासलेच पाहिजे. तसा दोष राहिला असेल तर इंजेक्शनाने तो सुटत नाही, फक्त वेळ जातो.

बोटॉक्स या ब्रँडची मात्रा साधारण किलोमागे 4 ते 6 युनिट, कमाल 100. दहा किलोच्या मुलाला 60 युनिटपेक्षा जास्त लागत नाहीत. 100 युनिटची कुपी 1 मिलि. सलाईनमध्ये हलक्या हाताने विरघळवतात. जोरात हलवली तर प्रथिन बिघडते. मग 0.1 मिलि.मध्ये 10 युनिट येतात. थोडी भूल देऊन, बोटाने झडपेची कड चाचपून, औषध घड्याळाच्या 3, 6, 9 आणि 12 च्या जागी समान वाटतात. युनिटचे माप प्रत्येक ब्रँडचे वेगळे असते: बोटॉक्सचे 100 म्हणजे डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडचे 100 नव्हेत. ही गफलत सर्वांत धोक्याची, म्हणून केसपेपरवर ब्रँडचे नाव लिहावेच. मायस्थेनिया (स्नायू लवकर थकून दुबळे पडण्याचा आजार) असलेल्या मुलाला हे औषध देत नाहीत. जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके चालू असली तर असर वाढू शकतो.

कुपी 2 ते 8 अंश सेल्सियसला ठेवावी लागते. एप्रिलच्या उन्हात ती मुंबईहून नाशिकला मागवायची तर बर्फाच्या पिशव्यांचा डबा आणि पोहोचताच फ्रिज हवा. रुग्ण येण्याआधी भूलतज्ज्ञ आणि कुपी दोन्ही निश्चित करावीत, कारण सुरगाणा-पेठहून उपाशी पोटी आलेले मूल परत पाठवणे हे क्रौर्य आहे.

हिर्शस्प्रुंगसारख्या रोगाच्या निदानाला उशीर होतो तो मुख्यतः घरी. शी होत नाही म्हणून एरंडेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची वडी लावतात, मोठ्या मुलाला भिजवलेल्या मनुका देतात. शी होते आणि रोग झाकला जातो. नवजात बाळाला 48 तासांत पहिली काळी शी झाली नाही, ही नोंद आशाताईंनी आवर्जून करावी. गुटीत मध चाटवू नये: वर्षाखालील बाळाच्या आतड्यात त्याच जिवाणूचे बीजाणू रुजून विष तयार करू शकतात, आणि त्या आजाराचे पहिले लक्षण बहुधा बद्धकोष्ठच असते.

इंजेक्शनानंतर काही दिवसांत फरक पडतो. चड्डी खराब होणे, टोचल्या जागी दुखणे, थोडे रक्त येणे हे तात्पुरते असते. रेचके आणि ठरल्या वेळी शौचाला बसवणे चालूच ठेवावे. ताप, पोट टम्म फुगणे आणि दुर्गंधीयुक्त पातळ शी असेल तर तो आतड्याचा दाह समजून त्याच रात्री रुग्णालय गाठावे.