पार्श्वभूमी : लोटलीचे ‘बिग फूट’ आणि धालोंचा मांड

सुट्टीत पाहुण्यांची मुले आली की गोव्याच्या सासष्टी तालुक्यातली बरीच घरे त्यांना लोटली गावात नेतात. उद्यानाचे नाव ‘अ‍ॅन्सेस्ट्रल गोवा’, पण सगळे म्हणतात ‘बिग फूट’. जुन्या गावातली घरे, बाजार, काजूची भट्टी तिथे पुतळ्यांच्या रूपात मांडली आहेत. तिथेच जांभ्या चिऱ्यात आडवी कोरलेली संत मीराबाई आहे. महेंद्र आल्वारिस यांनी १९९४ साली ती ३० दिवसांत कोरली. लांबी सुमारे १४ मीटर.

आपल्याकडे चिऱ्यावर कोरण्याची रीत फार जुनी. सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी, उसगाळीमळ-पणसायमळ इथल्या जांभ्या कातळावर बैल, हरणे आणि एक गोल चक्रव्यूह हजारो वर्षांपूर्वी कोरलेला आहे. गावच्या लोकांना तो ठाऊक होताच. त्यांनी दाखवल्यावर १९९३ मध्ये अभ्यासकांचे तिकडे लक्ष गेले.

हे सगळे मांडून दाखवायची गरज नेमकी त्याच दशकात का भासली? ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात चार्टर विमाने येऊ लागली आणि गोव्याची ओळख किनाऱ्यापुरती आक्रसली. इकडे खाजनांची, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या खाऱ्या शेतजमिनींची, निगा सुटत गेली, जुनी घरे पाडून इमारती उठल्या. व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी टाकून दिलेली शेतीची आणि घरातली अवजारे गोळा केली. त्यातून बाणावलीला ‘गोवा चित्र’ उभे राहिले. तिथे चार हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि इमारतीला लागलेले बरेचसे लाकूडही पाडलेल्या घरांचेच. मला हे काम फार मोलाचे वाटते. नांगर आणि घाणा न पाहिलेल्या मुलाला भाताची गोष्ट कळायची कशी?

पण या वारशाचा मोठा भाग ज्यांनी सांभाळला त्या गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडले. त्यानंतरही हक्कांसाठी रस्त्यावर यावे लागले. २५ मे २०११ ला बाळ्ळी गावातल्या आंदोलनात दोन तरुणांचा जीव गेला. उद्यानाच्या फलकावर कुणबी साडीचे कौतुक होते तेव्हा मला बाळ्ळी आठवते.

अवजार उचलून दालनात ठेवता येते. धालो या बायकांच्या नाचगाण्यांचे तसे नाही. पौषातल्या रात्री बायका समोरासमोर दोन रांगा धरून, एकमेकींच्या कमरेत हात गुंफून वाकत-डुलत ज्या अंगणात गातात, तो मांड पवित्र. त्यावर चपला घालून जात नाहीत. पर्यटकांसमोर वीस मिनिटांचे धालो होतात तेव्हा बायका त्याच, गाणीही तीच असतात. मांड मात्र तिथे नसतो. म्हणून आदिवासी संस्कृतीवरचे कुठलेही नवे उद्यान आखताना काय दाखवायचे आणि काय गावातच राहू द्यायचे, हे मांडावरच्या बायकांना आधी विचारावे, आराखडा झाल्यावर नव्हे.