चित्र दिसतं, पण अर्थ उलटाच लागतो

मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइन या औषधाने गर्भातल्या बाळात व्यंग निर्माण होऊ शकतं. म्हणून त्याच्या वेष्टनावर गर्भवतीची आकृती आणि तिच्यावर तिरकी रेघ असं चिन्ह आलं. सांगायचं होतं, ‘गरोदरपणी घेऊ नका’. प्रत्यक्षात ते पाहून बऱ्याच जणींना वाटलं, ही गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी! चिन्ह कळलंच नसतं तर निदान कुणाला तरी विचारलं असतं. इथे चुकीचा अर्थच पूर्ण खात्रीने लागला.

चिन्हांची चाचणी घेताना म्हणूनच असं उलटं उत्तर वेगळं मोजतात. अमेरिकेतल्या एएनएसआय या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या निकषानुसार किमान ८५ टक्के लोकांनी अर्थ बरोबर सांगावा लागतो आणि धोकादायक गैरसमज ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

चित्राला भाषा लागत नाही, हा समज मला भाबडा वाटतो. किरणोत्साराची तीन पात्यांची खूण १९४६ साली अमेरिकेतल्या बर्कलीत तयार झाली. तज्ज्ञ ती लगेच ओळखतात, इतरांना तो पंखा वाटू शकतो. अखेर २००७ मध्ये त्याच खुणेखाली कवटी आणि पळणारा माणूस असलेलं नवं चिन्ह आलं. त्याआधी ११ देशांत लोकांना दाखवून ते तपासलं होतं. जैविक धोक्याच्या चिन्हाची गोष्ट याच्या उलट. १९६६ मध्ये ते निवडलं, ते लक्षात राहतं पण आधीपासून कसलाच अर्थ सुचवत नाही म्हणून. अर्थ नंतर शिकवायचा होता.

घरगुती रसायनांवरच्या लाल चौकटीतल्या चित्रांना असं शिकवणं फारसं मिळालेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीत अशी नऊ चित्रं आहेत. ज्वाला आणि वर्तुळावरची ज्वाला यांतला फरक किती जण सांगतील? पहिली म्हणजे पदार्थ स्वतः पेट घेतो, दुसरी म्हणजे तो इतरांची आग भडकवतो. सगळ्यांत गूढ आहे ते छातीवर चांदणी फुटलेल्या माणसाचं चित्र. कर्करोगापासून दम्यासारख्या त्रासापर्यंत बरंच काही त्यात कोंबलं आहे. दिव्याच्या खनिज तेलावर तेच चित्र असतं, पण तिथे कारण निराळं: गिळताना किंवा उलटी होताना ते पातळ तेल फुप्फुसात शिरू शकतं. त्यामुळे ते पोटात गेलं तर मुद्दाम उलटी करवायची नसते. हे त्या चित्रातून कुणालाच कळणार नाही, ते खालच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.