ॲकॉन्ड्रोप्लेशियावरचे औषध : सेंटिमीटरच्या मोजमापाची पार्श्वभूमी

ॲकॉन्ड्रोप्लेशिया म्हणजे हाडांची वाढ खुंटून बुटकेपणा आणणारा जन्मजात जनुकीय आजार. त्याचे जनुक १९९४ साली सापडले. एफजीएफआर३ हे जनुक हाडांच्या वाढीला लगाम घालते आणि हा आजार असलेल्या मुलांमध्ये तो लगाम सतत ओढलेलाच राहतो. तोवरच्या उपायांत वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने होती, पण त्यांचा गुण बेताचाच आला. हाड कापून हळूहळू ताणत नेण्याच्या शस्त्रक्रियाही होत्या, आणि त्यात मुलांचे महिनोन्‌महिने वेदनेत जात. मूळ कारणाला मात्र कशानेच हात लागत नव्हता.

वाट सापडली ती सीएनपीमुळे. १९९० साली डुकराच्या मेंदूत आढळलेला हा पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखा छोटा रेणू, एफजीएफआर३कडून पेशीत जाणारा वाढ थांबवण्याचा निरोप मध्येच अडवतो. पण रक्तात तो दोन-तीन मिनिटांत निम्मा होतो. रचनेत बदल करून तो जास्त वेळ टिकेल असा केला, तेच व्होसोरिटाइड. ते रोज त्वचेखाली टोचावे लागते.

खरा वाद झाला तो औषधाचा गुण कशाने मोजायचा यावर. अमेरिकी नियामकांनी २०१८ साली तज्ज्ञांची बैठक बोलावली, तेव्हा याच प्रश्नावर बराच खल झाला. अंतिम उंची कळायला दहा-पंधरा वर्षे थांबावे लागते. कवटीच्या तळाशी मज्जारज्जूवर येणारा दाब, झोपेत अडणारा श्वास, मोठेपणी अरुंद होत जाणारा पाठीचा कणा ही आईवडिलांची खरी धास्ती, पण एवढ्याशा चाचणीत या गोष्टी मोजणे कठीण. शेवटी मुख्य निकष ठरला तो वर्षभरातल्या वाढीच्या वेगाचा.

त्यानुसार ५ ते १७ वर्षांच्या १२१ मुलांवर ५२ आठवडे चाचणी झाली. ६० जणांना औषध मिळाले. उरलेल्या ६१ मुलांनी वर्षभर रोज औषधाविना सुई टोचून घेतली. हे योग्य होते का? लहान वयात वाढीचा वेग आपोआपही वरखाली होतो, त्यामुळे तुलनेशिवाय निकालावर कुणी विश्वास ठेवला नसता, हे मान्य. तरी त्या मुलांनी दिलेली किंमत विसरण्यासारखी नाही. २०२० साली निकाल प्रसिद्ध झाला : औषध घेणाऱ्या मुलांची वाढ वर्षाला सरासरी १.५७ सेंटिमीटर जास्त.

बुटकेपणासह जगणाऱ्या अनेक प्रौढांनी या आकड्यालाच हरकत घेतली. उंची हाच निकष धरला तर आमचे शरीर म्हणजेच दोष ठरतो, असे त्यांचे म्हणणे. ते भावनेच्या भरातले म्हणून बाजूला सारले गेले, तसे व्हायला नको होते. कारण वैद्यकीय प्रश्नही तोच आहे : सेंटिमीटर वाढले म्हणून मज्जारज्जूवरचा दाब कमी होईलच असे नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये युरोपने दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी मंजुरी दिली. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने पाच वर्षांपुढच्यांना दिली, तीही वेगवान मार्गाने. २०२३ मध्ये अमेरिकेने वयाची अट काढली, युरोपने ती चार महिन्यांपर्यंत खाली आणली. कवटीच्या तळाचा धोका सर्वांत मोठा असतो तो याच पहिल्या दोन वर्षांत, त्यामुळे हा निर्णय मला पहिल्या मंजुरीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. दरम्यान तोंडाने घ्यायचे इन्फिग्रॅटिनिब हे दुसरे औषध आणि आठवड्यातून एकदाच टोचायचे सीएनपी यांच्याही चाचण्या झाल्या. मुख्य निकष पुन्हा वाढीच्या वेगाचाच.

अमेरिकी मंजुरीसोबत पुढच्या अभ्यासाची अट होती. त्यातही तपासायची आहे ती प्रौढपणीची उंचीच.