कोकमातलं आम्ल चरबी का घटवत नाही?

वजन उतरवण्याच्या गोळ्यांच्या बाटलीवर ‘गार्सिनिया’ असं छापलेलं असतं. आपलं कोकम हेही गार्सिनियाच, गार्सिनिया इंडिका. बाटलीतला अर्क बहुतेक वेळा त्याच्या केरळी भावंडाचा, माशांच्या कालवणात पडणाऱ्या कुडंपुळीचा असतो. पण ज्याच्यासाठी तो अर्क काढतात ते हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल दोन्ही फळांच्या सालीत भरपूर आहे. आमसुलाचा आंबटपणा मुख्यतः त्याचाच.

कुडंपुळीतलं हे आम्ल नेमकं कोणतं, हे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिलं. तोवर तो आंबटपणा सायट्रिक आणि टार्टारिक आम्लांचा मानला जात होता. गोळ्यांच्या जाहिरातींत या कामाचा उल्लेख कधी दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं, कारण पुढचं सगळं संशोधन त्याच्यावर उभं राहिलं.

लिंबातल्या सायट्रिक आम्लापेक्षा याच्या रेणूत ऑक्सिजनचा फक्त एक अणू जास्त आहे. एवढ्याशा फरकानं काय होतं ते समजण्यासाठी पेशीत शिरावं लागेल. आपण भात-पोळी गरजेपेक्षा जास्त खाल्ली, की पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागांत, सायट्रेट (सायट्रिक आम्लाचंच रूप) साचतं आणि बाहेर येतं. तिथे ‘एटीपी सायट्रेट लायेज’ नावाचं विकर (एन्झाइम) त्याचे दोन तुकडे करतं. त्यातला एक तुकडा म्हणजे असिटिल-कोए. चरबीची आम्लं आणि कोलेस्टेरॉल दोन्ही याच कच्च्या मालापासून तयार होतात. हायड्रॉक्सिसिट्रेट दिसायला सायट्रेटसारखं असल्यामुळे विकरात त्याच्याच जागी जाऊन बसतं, पण त्याचे तुकडे होत नाहीत. एसटीत रुमाल टाकून जागा अडवावी, तसंच हे. खरं सायट्रेट ताटकळत राहतं.

अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात वॉटसन आणि लोवेनस्टाइन यांच्या गटानं हे १९६९ मध्ये सिद्ध केलं. या रेणूची अणूंच्या मांडणीनुसार चार रूपं होतात, आणि विकराला जोरात अडवणारं रूप नेमकं गार्सिनियाच्या सालीतलं आहे. सत्तरच्या दशकात रोश या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ते उंदरांना दिलं. उंदरांची चरबी बनवण्याची गती मंदावली, ते कमी खाऊ लागले, वजन घटलं. लठ्ठपणावर औषध सापडलं असं वाटण्यासारखंच हे होतं.

माणसांवरची मोठी परीक्षा १९९८ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. न्यूयॉर्कमध्ये १३५ जणांना बारा आठवडे कमी उष्मांकाचा, तंतुमय आहार दिला गेला. निम्म्यांना रोज दीड ग्रॅम हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. आम्ल घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलोंनी उतरलं, पोकळ गोळीवाल्यांचं ४.१ किलोंनी. या फरकाला संख्याशास्त्राच्या दृष्टीनं अर्थ नव्हता. म्हणजे जे उतरलं ते आहारानं.

असं का झालं? विकर अडतं यात शंका नाही. प्रश्न असा, की माणसाची चरबी त्या वाटेनं येते तरी किती? कर्बोदकांनी भरलेलं खाणं खाणारा उंदीर बरीच चरबी स्वतः बनवतो. आपल्या अंगावरची चरबी मात्र मुख्यतः खाल्लेल्या तेला-तुपातून थेट साठते. तिला या विकराची गरजच नसते. शिवाय हे आम्ल विद्युतभारित, पेशीच्या पडद्यातून सहज आत न जाणारं. आणि एक वाट बंद केली तरी दुसरी उरते. यकृतातून हे विकर काढून टाकलेल्या उंदरांना फ्रुक्टोज ही साखर दिली, तेव्हा आतड्यातल्या जिवाणूंनी त्याचं असिटेट केलं आणि यकृतानं त्यापासून चरबी बनवली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतो: शरीराचा हिशेब आपल्याच पेशींपुरता नाही, जिवाणूही त्यात आहेत.

गार्सिनियाच्या गोळ्यांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या घेतल्यावर यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. काहींवर यकृत प्रत्यारोपणाची वेळ आली. सोलकढीतली चार आमसुलं आणि महिनोन्‌महिने घेतलेला घट्ट अर्क यांची बरोबरी करू नका.

तेच विकर अडवणारा एक वेगळा रेणू मात्र औषध बनला. तो कोकमातून आलेला नाही. बेम्पेडोइक आम्ल त्याचं नाव. अमेरिकेत २०२० मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि भारतातही ते मिळतं. गोळी गिळताना ते निष्क्रिय असतं. यकृतातलं एक विकर त्याला जागं करतं. स्नायूंत ते विकर नसल्यामुळे तिथे ते निष्क्रियच राहतं. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधं घेतल्यावर ज्यांचे स्नायू दुखतात त्यांच्यासाठी ही मोठी सोय. अशा सुमारे १४ हजार रुग्णांवरच्या चाचणीत, २०२३ च्या निष्कर्षांनुसार, हृदयविकाराच्या झटक्यासारख्या गंभीर घटना १३ टक्क्यांनी कमी झाल्या. युरिक आम्ल वाढून गाउट हा सांधेदुखीचा आजार होण्याचं प्रमाण मात्र थोडं जास्त दिसलं. हे औषध रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी आहे, वजन उतरवण्यासाठी नाही.